वीज गाळून घेणारं घर

आमच्या कॉलनीत बहुतेकांकडे पाणी गाळायचं यंत्र आहे. आमच्याकडे वीज गाळायचं आहे. पाण्याचं नाही. पाणी मी अजून माठावर पांढरं फडकं बांधून गाळते आणि आजवर कोणाचं पोट बिघडलेलं नाही. वीज मात्र आमच्याकडे अशी सरळ आत येत नाही. ती आधी एका काळ्या खोक्यात जाते, तिथे आंघोळ करते, अंग पुसते आणि मगच ह्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये पाऊल टाकते. ह्यांच्या म्हणजे आमच्या ह्यांच्या. नाव घ्यायची सवय नाही, आणि या वयात लावून घ्यायचीही नाही.

हे सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात होते. म्हणजे चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. एखादा पार्ट बिनचूक निघाला की ह्यांचा चेहरा पडायचा. कारखान्यातून घरी आल्यावर ते खातं बंद होत असेल, असं मला लग्नानंतर बरेच दिवस वाटत होतं. नाही झालं. पोळी ताटात घेण्याआधी उजेडाकडे धरून बघायचे. रिटायर झाले तेव्हा मी धरूनच चालले, की आता सगळं खातंच घरी राहायला येणार. पण देव दयाळू आहे. त्यांना गाण्याचा नाद लागला. म्हणजे गाणं ऐकण्याचा. म्हणजे खरं सांगायचं, तर गाणं ज्यातून ऐकू येतं त्या वस्तूंचा.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या हॉलमध्ये दोन स्पीकर आले. माझ्या कमरेएवढे उंच, भिंतीपासून हात हात पुढे ओढलेले. लग्नघरी ओळख नसलेले पाहुणे अवघडून उभे असतात ना, तसे. मध्ये अ‍ॅम्प्लिफायर. फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा, म्हणजे झाडू मारताना माझ्या हातून स्पीकर बोटभर जरी सरकला तरी पकडली जाईन. आणि वायरी! वायरी फरशीला टेकू द्यायच्या नाहीत. त्यांच्याखाली लाकडाचे छोटे छोटे पाट. मी देवांना इतके पाट कधी दिले नव्हते.

सगळं जोडून झालं, हे समोर खुर्ची टाकून बसले, बटण दाबलं, आणि आवाज आला. गाण्याचा नाही. घूंऽऽऽ.

"ऐकलंस?" हे म्हणाले.

"ऐकलं. भुंगा शिरलाय."

"भुंगा नाही. हम आहे. विजेचा." आणि मी बघितलं, तर ह्यांचा चेहरा उजळलेला. रिटायर झाल्यापासून प्रथमच त्यांना एक मोठी चूक सापडली होती.

आता माझी अडचण सांगते. दर गुरुवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये भजनी मंडळ बसायचं. आम्ही दहा-बारा जणी. पेटी माझी, वाजवायचीही मीच. शिकायला कोणाकडे गेले नाही. देवळात ऐकून ऐकून आणि चुकत माकत बोटं बसली. आमचा हॉल तळमजल्यावर, ऐसपैस, म्हणून सगळ्या आमच्याकडे यायच्या. आता हॉलभर पाट मांडून वायरी बसलेल्या. बायका कुठे बसणार?

"मग गुरुवारचं काय?" मी विचारलं.

"गुरुवारी काय असतं?"

आम्ही टाळ काढले की पिशवी घेऊन पंचवटीच्या बाजारात भाजी आणायला पळणारा माणूस हे विचारत होता.

"भजन असतं."

"हां हां. अगं, एवढा हम सापडू दे. तो गेला की गुरुवारी हॉल तुमचा. मी स्वतः सतरंजी अंथरीन. पण तोवर एकही वायर हलता कामा नये. हलली की पुन्हा पहिल्यापासून शोधायचं."

"नक्की?"

"नक्की."

मंडळ मग अध्यक्षीणबाईंकडे बसायला लागलं. त्यांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि माझे गुडघे असे, की आमच्या गच्चीवर चढायचं तरी मला मध्ये एकदा बसावं लागतं. पहिल्या गुरुवारी गेले. वर पोचेपर्यंत आरती झाली होती. त्यानंतर गेले नाही. मग कानावर आलं, की मोबाईलवरचा तानपुरा लावून गातात. मग कानावर आलं, की अध्यक्षीणबाईंच्या शेजारची एक सून आहे, गाण्याच्या परीक्षा दिलेली, तिची स्वतःची पेटी आहे आणि ती फार गोड बोलते. परीक्षा दिलेल्या आणि वर गोड बोलणाऱ्या बाईसमोर माझ्यासारखीचा टिकाव कितीसा लागणार? तेव्हा तुमच्या लक्षात आलंच असेल, की आमच्या घरात तो घूं जावा असं ह्यांच्यापेक्षा जास्त कोणाला वाटत होतं.

शोधाला सुरुवात झाली. शोधायचं म्हणजे आधी घर मालवायचं. फ्रीज बंद, कारण तो सुरू होताना स्पीकरमध्ये टक् वाजतं. पंखा बंद, कारण त्याचा रेग्युलेटर चर्र करतो. इन्व्हर्टर बंद. मोबाईलचे चार्जर काढून ठेवायचे. एक दिवस हे देवघरापाशी येऊन उभे राहिले.

"ही माळ काढ. ही लुकलुकते ना, ती सगळी घाण लाईनीत सोडते."

"देवाला नाही ऐकू येत हो."

"मला येतं."

काढली. नाशिकचा उन्हाळा, पंखा बंद, दारं-खिडक्या बंद आणि हे बनियनवर घामाघूम होऊन दोन स्पीकरांच्या मधोमध बसलेले. गाणं लावलेलं नाही. एकदा मी विचारलं, की एवढं आणलंय तर एखादं गाणं तरी लावा. तर म्हणाले, "गाणं लावलं की हम ऐकू येत नाही."

मी म्हटलं, "मग झालं की!"

तर माझ्याकडे असं बघितलं, जसं मी बिघडलेल्या पार्टवर पासचा शिक्का मारायला सांगितलं होतं.

फ्रीज बंद ठेवून दूध दोनदा नासलं. मी त्याचं पनीर केलं. पनीर ठेवायला फ्रीज बंद होता.

मला कानानं एवढं कळत होतं, की आवाज एक नाही, दोन-तीन आहेत. टक् वेगळा, चर्र वेगळा. ते बटणं बंद केली की जायचे. पण तो घूं काही केल्या जात नव्हता. एकदा मी पेटी काढली आणि त्याच्याशेजारी सूर धरून बघितला. "पांढरी पाचच्या केसभर वर आहे," मी म्हटलं. हे खूष झाले. इतकी वर्षं मी ती पेटी वाजवते, पण माझ्या पेटीचं काही कौतुक त्यांनी केलं असेल तर ते त्या दिवशी, आणि तेही तिच्यावर भजन वाजवलं म्हणून नाही, बिघाड मोजला म्हणून.

ह्यांचे एक मित्र आहेत. आम्ही त्यांना गंगापूर रोडवाले म्हणतो, कारण ते गंगापूर रोडला राहतात आणि बोलताना तसेच लांबत जातात. त्यांच्याकडे ह्यांच्याहून मोठे स्पीकर आहेत, त्यामुळे त्यांचं मत ह्यांच्याकडे चालतं. ते आले, डोळे मिटून बसले, घूं ऐकला, आणि डॉक्टर नाडी बघून मान हलवतात तशी मान हलवली.

"वहिनी, तुमच्या घराला दोष नाही. आपल्याकडे येते ती वीजच घाणेरडी आहे. कोणाचं वेल्डिंग चालू असतं, कोणाची पाण्याची मोटार, कोणाचा मिक्सर. सगळ्यांनी वापरून पुढे ढकललेली."

"उष्टी म्हणा की भाऊजी."

"अगदी! उष्टी वीज!" ते उठूनच बसले. तेव्हापासून ते हा शब्द सगळीकडे स्वतःचा म्हणून सांगतात, असं ऐकते.

त्यावर उपाय म्हणजे पॉवर कंडिशनर. तो सगळी वीज गाळून घेतो, स्वच्छ तेवढी आत सोडतो. मी विचारलं, "आणि गाळलेली घाण कुठे जाते?"

"ती अर्थिंगच्या वायरीनं जमिनीत सोडून देतो."

मी मान डोलावली. तेव्हा मी एवढंच म्हटलं मनात, की बरं आहे, निदान केरवाल्याला वेगळी द्यायला नको.

कंडिशनर मुंबईहून निघाला आणि ट्रान्सपोर्टनं आमच्या द्वारका चौकापर्यंत आला. हे रिक्षानं घेऊन आले. रिक्षावाल्यानं उतरवताना विचारलं म्हणे, "बाबा, तिजोरी आहे का?" काळं खोकं, पुढे एक निळा दिवा. घरात नवीन यंत्र आलं की मी हळदीकुंकू लावते. शिलाई मशीनला लावलं, मिक्सरला लावलं, गाडीला लावलं. ह्यालाही लावायला गेले, तर हे अंगावर धावून आले. "ओलं कुंकू! त्याच्या जाळीतून आत गेलं तर?" मग मी लांबूनच अक्षता टाकल्या. त्यातली एक आत गेली. मी सांगितलं नाही.

जोडला. निळा दिवा लागला. घूंऽऽऽ.

होता तेवढाच. मला तर जरा जास्तच वाटला.

गंगापूर रोडवाल्यांना फोन. ते म्हणाले, "लगेच नाही. नवीन आहे. त्याला मुरायला वेळ लागतो."

"लोणच्यासारखं?" मी मागून म्हटलं. हे म्हणाले, "तू जरा गप्प बस." गप्प बसले. पण मी मिठाचं पाणी सुटलेलं लोणचं पाहिलंय, मुरंबा पाहिलाय. खोक्यातली वीज मुरताना काही पाहिली नव्हती.

बरेच गुरुवार मुरण्यात गेले.

मग एक दिवस गंगापूर रोडवाले खिशातून एक छोटीशी पांढरी वस्तू घेऊन आले. टू-पिनचा जोड. अ‍ॅम्प्लिफायरचा तीन पायांचा प्लग त्यात बसवायचा आणि तो जोड भिंतीत. म्हणजे वरचा जाडा पाय, अर्थिंगचा, तो नुसता हवेत. कंडिशनरला थोडे दिवस सुट्टी. "सगळे असंच करतात," ते म्हणाले. "बोलत नाहीत एवढंच."

बटण दाबलं, आणि काय सांगू? घूं नाही. हे खुर्चीवरून उठले, स्पीकरला कान लावला, तिथून माझ्याकडे बघितलं, आणि डोळ्यांत पाणी. खोटं नाही सांगत. माझ्याही आलं, पण माझं वेगळ्या कारणानं.

"गुरुवारी बोलव तुझ्या बायकांना," हे म्हणाले.

मी लगेच अध्यक्षीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, मोबाईलचा तानपुरा मध्येच जाहिराती लावतो."

बुधवारी मी हॉल पुसायला घेतला. सगळ्या वायरी ह्यांनी भिंतीकडेनं घेतल्या होत्या. ओल्या फरशीवर अनवाणी, हातात ओलं फडकं, आणि म्हटलं अ‍ॅम्प्लिफायरवरची धूळही पुसून घ्यावी. हात लावला, तर बोटांतून कोपरापर्यंत मुंग्या चढल्या. हात काढला. पुन्हा लावला. पुन्हा मुंग्या.

मी ते फडकं धरून तिथेच उभी राहिले. हे बाहेर पेपर वाचत होते. कोणी बघितलं नव्हतं. नुसत्या मुंग्याच तर होत्या, धक्का काही नव्हता. आणि सांगितलं, तर तो पांढरा जोड निघणार, घूं परत येणार, आणि गुरुवार जाणार. माझ्या डोळ्यांसमोर ती गोड बोलणारी सून पेटीचा भाता उघडताना दिसली. मग डोळ्यांसमोर सतरंजीवर बसलेल्या आमच्या बायका दिसल्या, आणि चहाची किटली फिरवताना कोणीतरी त्या खोक्याचा आधार घेऊन उठतंय, असं दिसलं. आमच्यातल्या निम्म्या जणी कशाचा तरी आधार घेतल्याशिवाय उठतच नाहीत.

"अहो," मी हाक मारली. "हे चावतंय."

"काय चावतंय?"

"तुमचा अ‍ॅम्प्लिफायर."

"तुझा हात ओला असेल."

"ओला आहेच. उद्या बारा जणींचे असतील."

ओट्याखालच्या खणात लाटण्याशेजारी माझा टेस्टर असतो. हे कारखान्यात रात्रपाळीला असायचे, तेव्हा फ्यूज उडाला की शेजारी कोणाला उठवायचं? मी फ्यूजची तार बांधायला शिकले, मग इस्त्री उघडली, मग मिक्सर. टेस्टर आणून मी अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याला टेकवला. आतला छोटा दिवा लाल लागला. हे चष्मा चढवून बराच वेळ बघत राहिले. मला पुढे काही बोलावं लागलं नाही. क्वालिटीचा माणूस, दिवा लागला म्हणजे पार्ट रिजेक्ट, मग तो कितीही लाडका असो. त्यांनीच तो पांढरा जोड काढला आणि तीन पायांचा प्लग पुन्हा कंडिशनरमधून भिंतीत लावला.

घूंऽऽऽ.

अध्यक्षीणबाईंना पुन्हा फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अगं, तुझं एकदा काय ते नक्की कर. ती पोर विचारत होती, पेटी आणू का म्हणून. मी तिला किती दिवस थांबवू?"

"पुढच्या गुरुवारी सांगते."

"पुढच्याच हं."

फोन ठेवला आणि मी भांडी घासायला बसले, कारण मला भांडी घासताना डोकं चालतं. मोरीत पाणी तुंबलं होतं. खरकटं अडकलं की तुंबतं, नवीन नाही. बोटानं काढलं, पाणी गेलं. आणि मी तिथेच बसून राहिले. अहो, ते यंत्र घाण गाळून अर्थिंगमध्ये सोडतं म्हणे. पण मोरीलाच पुढे वाट नसेल तर? मग जेवढं जास्त घासाल, तेवढं घरातच तुंबणार. म्हणून तर तो कंडिशनर आल्यावर घूं जास्त वाटला!

हात पुसून मी बल्बचा जुना होल्डर काढला, दोन वायरी जोडलेला. तुम्ही करू नका. मला सवय आहे. हॉलमधल्या पॉइंटच्या खालच्या दोन भोकांत लावला, बल्ब लख्ख. मग एक वायर तशीच ठेवून दुसरी वरच्या मोठ्या भोकात, अर्थिंगच्या. अर्थिंग ठीक असेल तर तसाच लख्ख लागायला हवा. आमचा बल्ब नुसता लाल किडा दाखवून विझला. स्वयंपाकघरात तेच. बेडरूममध्ये तेच. म्हणजे एका पॉइंटचा दोष नव्हता. सगळ्या घराची मोरी तुंबली होती.

आता अर्थिंगचा खड्डा कुठे, ते मला माहीत होतं. हे रो-हाऊस बांधलं तेव्हा पंचवटीतला एक वयस्क वायरमन होता. अंगणात खड्डा घ्यायच्या वेळी त्यानं मला विचारलं, "वहिनी, तुळस कुठे बांधणार?" मी जागा दाखवली. तर म्हणाला, "मग पाइप तिथंच उतरवतो, वृंदावनाला चिकटून. जमीन ओली पाहिजे त्याला. अर्थिंगला कोणी पाणी घालत नाय, तुळशीला घरोघर घालतात." त्याची ही रीतच होती. त्यानं वायरिंग केलेल्या कुठल्याही घरी जा, तुळशीच्या बुडाशी पाइपाचं तोंड सापडेल.

आणि आम्ही काय केलं होतं? आदल्या वर्षी गाडी घेतली. गाडी उभी करायला अंगणात पेव्हर ब्लॉक टाकायचे ठरले. वृंदावन मध्ये येतं, म्हणून ह्यांनी ते काढलं आणि तुळस कुंडीत लावून गच्चीवर नेली. वर तिला ऊन चांगलं मिळतं, ती मजेत आहे. खाली तो पाइप ब्लॉकांखाली वर्षभर कोरडा.

मी ह्यांना सांगितलं.

"तुळशीचा आणि अ‍ॅम्प्लिफायरचा काय संबंध?"

"तुळशीचा नाही. पाण्याचा."

"कुठल्या पुस्तकात आहे असं?"

"पुस्तकात नसेल. खड्ड्यात आहे."

त्यांनी अर्थातच गंगापूर रोडवाल्यांना विचारलं. फोन स्पीकरवर होता. ते म्हणाले, "वहिनी, श्रद्धेचा मान आहेच. पण हा विषय शास्त्राचा आहे."

"भाऊजी," मी म्हटलं, "जे खोकं आधी मुरावं लागतं ते शास्त्र, आणि मी पाणी घालते ती श्रद्धा होय?"

 मग ते म्हणाले, घालून बघायला हरकत नाही.

गाडी रस्त्यावर काढली. हे आत स्पीकरला कान लावून बसले, खिडकी उघडी. मी बागेची नळी घेऊन अंगणात, जिथे वृंदावन होतं त्या जागी, ब्लॉकांच्या फटींत पाणी सोडत उभी.

"काही फरक?"

"नाही!"

थोड्या वेळानं, "आता?"

"नाही! ... तू बरोबर जागी घालतेस ना?"

"तुळस मी लावली होती की तुम्ही?"

शेजारच्या बाई कुंपणावरून डोकावल्या. "काय हो, गाडी धुताय? गाडी तर बाहेर आहे."

"नाही हो. आवाज धुतेय."

त्या आत गेल्या. बहुधा त्यांच्या घरी सांगायला.

पाणी बुडबुडे काढत खाली जात होतं. कोरडी जमीन पाणी पिते तेव्हा एक वास येतो, तो यायला लागला. आणि आतून ओरडा आला, "थांब! थांब! ... अगं थांबू नकोस, घाल! घाल! कमी झाला!"

"किती?"

"निम्मा! घाल!"

मी घालत राहिले. नळी धरून हात भरून आले, पण सांगते, इतक्या वर्षांत ह्या माणसानं माझ्या एखाद्या कामावर "अजून घाल, अजून घाल" म्हटलेलं मला आठवत नाही. भाजीत मीठ घालताना तर नाहीच.

अर्ध्यावर येऊन घूं अडला. दुसऱ्या दिवशी ब्लॉक उचलून घेतले. पाइपाला तार जिथे आवळली होती ती पट्टी गंजून सुटत आलेली. वायरमन आणून ती बदलून घेतली, खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरून घेतलं, पाणी घालायला वर एक तोंड ठेवून घेतलं. मिठामुळे तुळस आता तिथे यायची नाही, ती वरच राहिली. मग माझा बल्ब लावून बघितला. वरच्या भोकातही लख्ख.

हे आत गेले. बटण दाबलं. आवाजाचं चाक अर्ध्यावर नेलं. मग सगळं पुढे नेलं.

काही नाही.

म्हणजे काहीच नाही. फ्रीज चालू होता, पंखा चालू होता, देवाची माळ लुकलुकत होती, आणि स्पीकर असे गप्प, जणू त्यांना कोणी दम दिलाय. हे मला म्हणाले, "ऐक." मी ऐकलं. "काय ऐकू येतंय?" "काही नाही." "तेच तर!" 

पुढचे दिवस हे येईल त्याला खुर्चीवर बसवून ‘काही नाही’ ऐकवत होते. पेपरवाल्याला ऐकवलं. गॅस सिलिंडर आणणाऱ्याला ऐकवलं; तो म्हणाला, "काका, बंद पडलंय, वॉरंटीत आहे ना?" गंगापूर रोडवाले आले, डोळे मिटून बरंच ऐकलं, आणि डोळे उघडून म्हणाले, "बघ! मुरला की नाही कंडिशनर? मी सांगितलं होतं."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी चहा टाकायला आत गेले. माझा हिशोब गंगापूर रोडशी नव्हताच. माझा गुरुवारशी होता.

गुरुवारी बायका आल्या. सतरंजी ह्यांनी अंथरली, कबूल केल्याप्रमाणे. कोपरे फरशीच्या रेषेला जुळवून. अध्यक्षीणबाई आल्या, आणि त्यांच्यामागून ती सूनही आली. पेटी आणली नव्हती. माझ्या पेटीशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "काकू, मी आज नुसती ऐकणार. तुम्ही परीक्षेशिवाय कशा वाजवता ते सगळ्या सांगत असतात." गोड बोलते हे खरंच आहे. तिच्यावर धरून ठेवलेला राग कुठे ठेवावा मला कळेना.

सुरू करणार, तेवढ्यात हे पुढे आले. "एक मिनिट. आधी हे ऐका." आणि चाक सगळं पुढे नेलं.

बारा जणी हात जोडून बसल्या. कोणाला वाटलं स्तोत्र सुरू होईल. एकीनं डोळे मिटले. एकीनं हळूच विचारलं, "लाईट गेली का?"

"ऐकू येतंय काही?" ह्यांनी विचारलं.

"नाही हो," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"तेच! सबंध नाशकात इतकं स्वच्छ ‘काही नाही’ कोणाकडे नसेल!"

"छान आहे हो भाऊजी तुमचं ‘काही नाही’," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "पण आता आमचं काहीतरी होऊ द्या."

हसून हसून एकीचा टाळ मांडीवरून खाली पडला. हेही हसले आणि स्वयंपाकघरात गेले. मी भाता उघडला. कितीतरी दिवसांनी माझ्या हॉलमध्ये, माझ्या पट्टीत, दहा-बारा गळे एकदम लागले. मला पहिल्या अभंगात काही गाताच आलं नाही. नुसती वाजवत राहिले.

अभंग संपला आणि स्वयंपाकघराच्या दारातून ह्यांचं डोकं बाहेर आलं.

"अगं, पेटीचा एक सूर चरचरतोय. मधला. वरच्या ओळीत जाताना. रीड सैल असेल. मी बघू का उघडून?"

"पेटीला हात लावायचा नाही!" मी म्हटलं, आणि मला वाटतं जरा जोरातच म्हटलं, कारण ती सून माझ्याकडे बघायला लागली.

"मी आपलं सांगितलं," हे म्हणाले आणि आत गेले.

पुढचा अभंग घेतला. वरच्या ओळीला गेले आणि काय सांगू तुम्हाला, चरचर. आहेच मेली. इतकी वर्षं वाजवते आहे, कधी ऐकू आली नव्हती. आता ऐकू येते, आणि दर वेळी येते. ह्यांच्यासमोर मी ते कबूल केलेलं नाही आणि करणारही नाही. एक मात्र बघून ठेवलंय, की सगळ्याजणी गळा मोकळा सोडून गायल्या की तेवढं दबतं. म्हणून हल्ली गुरुवारी आम्ही जरा जोरातच गातो.